दर शनिवारी दहा मिनिटं

जुहूच्या हँगरमधलं ते चार आसनी सेस्ना अख्खा पावसाळा उभंच होतं. मालकांचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकलेले. दिवाळीच्या तोंडावर उडवायचं ठरलं, तेव्हा तपासणीला मला बोलावलं.

वही बघून कुणीही खूश झालं असतं. दर शनिवारी दहा मिनिटं इंजिन चालू, मधल्या वारी प्रॉपेलर हाताने फिरवलेला, खाली हेल्परकाकांची सही. तेलाच्या तापमानाचा रकाना मात्र नव्हता. मी आधी ऑइल फिल्टर कापायला घेतला. आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या तर बारीक चकाकी. चुंबकाला चिकटली, म्हणजे पोलाद. एक सिलिंडर उतरवून टॉर्च मारली. टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाच्या, तोंडावर देवीच्या वणांसारखे खड्डे!

या लायकमिंग इंजिनात टॅपेट उचलणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, हा प्रॉपेलर फिरवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन थांबलं की तेल निथळून खाली जातं, कॅम उघडा पडतो. त्यात बाहेर खारा वारा. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक एक्झॉस्टमधून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतं. ते उडून जायला तेल निदान 74 अंशांपर्यंत तापायला हवं. उभ्या विमानात दहा मिनिटांत कुठलं तापतंय? म्हणजे दर शनिवारी आत ओल भरायची, आणि हाताने प्रॉपेलर फिरवून कॅमवरचा उरलासुरला तेलाचा थरही पुसायचा.

खरं तर विमान उभं ठेवायचं तर आधी प्रिझर्वेशन करायचं: साठवणीचं, गंज रोखणारं तेल घालून विमान एकदा नीट उडवून आणायचं. मग वरच्या स्पार्क प्लगांच्या जागी ओल शोषणारे सिलिका जेलचे प्लग, एक्झॉस्ट, ब्रीदर (क्रँककेसची हवा सोडणारी नळी), इनटेक घट्ट बंद, प्रॉपेलरला ‘फिरवू नका’ अशी पाटी. निळे दाणे गुलाबी दिसले की बदलायचे. बस. मालकांनी मात्र बाहेरून झकास कव्हर शिवून घेतलं होतं!

काका टॉर्चच्या उजेडात बराच वेळ आत बघत राहिले. “साहेब, मी हात लावला नसता तर?”

“गंज तसाही चढला असता, काका,” मी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं.

कॅम बदलायचा म्हणजे इंजिन उतरवून क्रँककेस फोडायची. मालकांना आकडा सांगितला, तर पहिला प्रश्न, “चालू कोण करत होतं?”

रिपोर्टमध्ये मी एवढंच लिहिलं: प्रिझर्वेशन केलेलं नाही. ते करवून घेणं मालकाचं काम. फोन मात्र काकांना गेलाच.