एका डिस्कवर तीन सिस्टिम: स्वॅपपायी अडलेलं दीड मिनिट

विंडोजच्या शेजारी मिंट आणि डेबियन या दोन लिनक्स सिस्टिम बसवायच्या होत्या. पहिली बैठक विंडोजला आवरण्यातच गेली. १ टीबीची डिस्क (विंडोजच्या मोजणीत ९३१ जीबी) जवळपास सगळी सी ड्राइव्हच्या ताब्यात. भरलेली जागा जेमतेम १४० जीबी, तरी डिस्क मॅनेजमेंट (विंडोजचं डिस्कचे भाग पाडायचं साधन) ६० जीबीच्या वर काही सोडेना. रिकाम्या जागेत मध्येच हायबरनेशन फाइल (बंद होताना मेमरी जपून ठेवणारी), पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची) अशा जागच्या न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात आणि श्रिंक, म्हणजे ड्राइव्ह लहान करणं, तिथेच अडतं. हायबरनेशन, पेजफाइल, सिस्टिम रिस्टोअर बंद करून रीस्टार्ट केल्यावर ६३० जीबी मोकळे झाले. पेजफाइल परत चालू केली, हायबरनेशन मात्र नाही. त्याच्यासोबत फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न करता लवकर सुरू करायची सोय) जातं, आणि ते गेलेलंच बरं. नाहीतर एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) अर्धवट बंद राहतं आणि लिनक्स त्यावर लिहू देत नाही.

डिस्कची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची असल्याने जुन्या पद्धतीतली प्रायमरी-एक्स्टेंडेड पार्टिशनची कटकट नव्हती. मिंटला १०० जीबी, डेबियनला १००, दोघांत मिळून स्वॅप (मेमरी कमी पडली की लिनक्स वापरतं ती जागा) १६, उरलेलं सामायिक डेटाला. डेटासाठी एनटीएफएसच घेतलं. एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिमला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, वीज गेली तर मला धाकधूक नको. ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचं) विंडोजचंच, १०० एमबीचं. तिन्ही सिस्टिम आपापलं फोल्डर करून त्यात सुखाने राहतात, फक्त इन्स्टॉलरमध्ये त्याला फॉरमॅटची खूण करायची नाही.

आधी मिंट टाकलं, छान चाललं. मग डेबियन टाकलं आणि मिंट सुरू व्हायला भलताच वेळ घेऊ लागलं. लोगोवर एस्केप दाबलं, तर खाली एक ओळ सरकत होती आणि शेजारी मोजणी, १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत. एका डिस्कची वाट बघत होतं ते. बीएलकेआयडी (पार्टिशनची ओळख दाखवणारी आज्ञा) चालवून एफएसटॅबशी (सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची ती यादी) ताडून पाहिलं: स्वॅपचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, जुळेना. डेबियनच्या इन्स्टॉलरने स्वॅप दिसताच तो नव्याने फॉरमॅट केला होता, आणि मिंट अजून जुना पत्ता शोधत होतं.

एफएसटॅबमध्ये नवा यूयूआयडी घातला. रिझ्यूमच्या (हायबरनेटमधून परत उठायच्या) सेटिंगमध्येही जुनाच होता, तोही बदलून इनिटरॅमएफएस (लिनक्स सुरू होताना आधी लोड होणारी छोटी फाइल) नव्याने बनवलं. आता मिंट पूर्वीसारखं लगेच लॉगिनला येतं. डेबियनला मुळात ‘हा स्वॅप वापरू नको’ सांगून नंतर हाताने जोडला असता, तर एवढं झालंच नसतं. आणि स्वॅप दोघांत वाटला आहे तोवर एकालाही हायबरनेट करायचं नाही, दुसरा तो पुसून टाकेल.

घड्याळाचं राहिलंय. विंडोज हार्डवेअरची वेळ स्थानिक समजतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). पुढच्या बैठकीत रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातून) विंडोजलाच यूटीसीवर आणतो.