दम धरू नका

“ताई, पोहता येत नाही. मालवणला स्कूबा करता येईल का?” दिवाळीची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखाली उतरणं. पोहता येत नसलं तरी येईल. पर्यटक जी पहिली डुबकी घेतात, त्यात गाइड सतत तुम्हाला धरून असतो आणि पाणी साधारण पाच-सात मीटर खोल असतं. तिथे पोहण्यापेक्षा श्वासाची सवय जास्त महत्त्वाची ठरते.

मी कणकवलीजवळच्या आमच्या गावात पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. बाराव्या वर्षी सूर मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. म्हणजे पाण्यात डोकं गेलं की श्वास बंद, हे अंगात मुरलेलं. पस्तिशीत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदा स्कूबाला गेले, तेव्हा हलत्या होडीत पाच मिनिटांत सगळं सांगून झालं आणि मला पाण्यात उतरवलं. तोंडात नळी, पाठीवर हवा, आणि मी मात्र विहिरीतल्यासारखी श्वास कोंडून बसलेली. त्यात कानात सुई टोचल्यासारखी कळ आली. दोन मिनिटांत वर आले आणि पुढे वर्षभर त्या वाटेला गेले नाही.

नंतर ज्यांनी मला खऱ्या अर्थाने शिकवलं, त्यांनी आधी कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसवलं. म्हणाले, “बाय, दम धरू नको. घेत रव, सोडत रव.” जमिनीवर आपण घाई करणाऱ्याला ‘जरा दम धर’ म्हणतो. पाण्याखाली नेमकं उलटं. तिथे धीर धरायचा, दम नाही.

यामागचं कारण समजून घ्या, मग भीती निम्मी होते. समुद्रात दर 10 मीटरला, पृष्ठभागावर हवेचा असतो तेवढाच दाब आणखी वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट. तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येताना फुगत जाते आणि पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती आपोआप बाहेर पडते. कोंडला असेल तर फुफ्फुसाला इजा होते, आणि हे दीड-दोन मीटरच्या पाण्यातही घडू शकतं. म्हणून घाबरलात तरी श्वास चालू ठेवायचा. पाठीवरची टाकी ऑक्सिजनची असते, असं बहुतेकांना वाटतं. तिच्यात आपली नेहमीचीच हवा असते, कोरडी करून दाबून भरलेली.

कानाचंही तेच. दाबाने कानातली हवा सगळ्यात जास्त आकसते ती पहिल्या काही मीटरांत, म्हणून कळ तिथेच येते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखायची वाट न बघता, उतरायला लागल्यापासूनच, हातभर खाली गेलं की पुन्हा. कान मोकळा झाला नाही तर थोडं वर या, पुन्हा करा. जोर लावू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, पैसे भरलेले असले तरी. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं जुनं दुखणं फॉर्मवर लपवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात तर नकोच.

खुणांपैकी एक नीट लक्षात ठेवा. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर न्या’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पंजा आडवा हलवला की काहीतरी बिघडलंय.

कधी जावं? पावसाळ्यात बंद असतं, ऑक्टोबर ते मे हा हंगाम. त्यातही जमलं तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त खेचतं, तळ ढवळतो. आमचं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही, हे मान्य. पण खडकाच्या कपारीतून गोबरा मासा तोंड काढून बघतो, शेवंडाच्या (लॉबस्टरच्या) लांब मिशा हलताना दिसतात, ते मला आजही पुरतं. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला हात लावू नका, फोटोसाठी त्यावर उभे तर मुळीच राहू नका. तो दगड नाही, जीव आहे.

हे आवडलं आणि गाइडच्या हाताशिवाय फिरावंसं वाटलं तर पुढचा कोर्स करा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या कोर्सनंतर 18 मीटरपर्यंत जोडीदारासोबत उतरता येतं. त्यासाठी मात्र पोहता यायलाच हवं: 200 मीटर, वेळेची अट नाही, आणि दहा मिनिटं तरंगणं. तोवर गावच्या विहिरीत शिकून घ्या.

आणि एक, कोल्हापूर-बेळगावच्या मंडळींसाठी. डुबकी मारली की लगेच गाडी काढून घाट चढू नका. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आहे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून ती रात्र मालवणातच काढा, घाट दुसऱ्या दिवशी चढा.