रोझाल्बाचा उमराव: चेहरा झाला, आता काळी लेस

एका जुन्या पेस्टल व्यक्तिचित्राची मी नक्कल करतोय. मागच्या वेळी नुसतं रेखाटन दाखवलं होतं. आता चेहरा बऱ्यापैकी बसलाय, टोपी आणि तिच्यावर सरकवलेला पांढरा मुखवटा अर्धवट आहे, लेसला अजून हात लावलेला नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मूळ चित्र व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कॅरिएरा हिचं. 1730-31 मधलं, निव्वळ पेस्टल, म्हणजे कोरड्या रंगाच्या कांड्यांचं काम. समोर बसलाय गुस्तावस हॅमिल्टन, दुसरा व्हायकाउंट (सरदारकीचा एक किताब) बॉइन. विशीतला आयरिश उमराव, व्हेनिसच्या कार्निव्हलच्या वेषात. तेव्हाचे हे श्रीमंत प्रवासी व्हेनिसला आले की रोझाल्बाकडून चेहरा काढून घ्यायचेच. पेस्टलला वाळायची भानगड नाही, त्यामुळे बैठका आटोपशीर. चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, सुमारे 57 बाय 43 सेंटीमीटर. म्युझियमने मोठी प्रतिमा मोफत ठेवलीय. मी मूळ मापातच करतोय. लहान केलं की खडूचं टोक पापणीपेक्षा जाड पडतं आणि डोळ्यांचा चुराडा होतो.

कागद निळसर राखाडी, गुळगुळीत बाजू वर. त्या काळी पेस्टलवाले चित्रकार निळ्या चिंध्यांपासून केलेला कागद वापरायचे, आणि का ते काम करताना कळतं: मधली छटा आयती मिळते. उजेड वर चढवायचा, अंधार खाली उतरवायचा, मधलं कागद सांभाळतो.

आता गालाबद्दल. पहिला थर फिक्या गेरूचा आणि गुलाबीचा, कांडी आडवी धरून, मग बोटाने घासून एकजीव. इथपर्यंत सगळेच करतात. खरं काम त्यानंतरचं: वरच्या थराला बोट लावायचं नाही. गालाच्या उंचवट्यावर शुद्ध गुलाबीचे दोन-तीन फटकारे, नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याचा एक ठिपका, आणि हात मागे. जबड्याखालच्या सावलीत तपकिरी भरली की माणूस आजारी दिसतो. तिथे मी राखाडी हिरवा टाकला, त्यावर थोडा निळा. लांबून बघितलं की कातडीच दिसते.

वरचा थर न घासण्याचं हे धैर्य मला रोझाल्बापेक्षा ला तूर या अठराव्या शतकातल्या फ्रेंच पेस्टल चित्रकाराकडून मिळालं. फ्रान्समधल्या सँ-काँतँला, त्याच्या जन्मगावी, लेक्युए म्युझियममध्ये त्याचे तयारीचे चेहरे आहेत. नुसते चेहरे, खांदेसुद्धा धड नाहीत. त्यांतल्या न घासलेल्या रेघा बघाच. त्याचंच पॅरिसच्या लूव्रमधलं 1755 चं मादाम द पाँपादूरचं (फ्रेंच राजाच्या प्रेयसीचं) चित्र भव्य आहे, पावणेदोन मीटर उंच, कागद जोडून जोडून केलेलं, चेहरा तर वेगळ्या तुकड्यावर. पण शिकायला मला ते छोटे चेहरे जास्त उपयोगी वाटतात. त्याच काळातला स्विस चित्रकार लिओतार मात्र दुसऱ्याच जातीचा. त्याची जर्मनीतल्या ड्रेस्डेनची ‘चॉकलेटवाली’ (चॉकलेटचा पेला नेणाऱ्या मोलकरणीचं पेस्टल) चर्मपत्रावर आहे आणि तिच्यात रेघ म्हणून शोधून सापडत नाही. आदर आहे, नक्कल करावीशी वाटत नाही.

फिक्सेटिव्हबद्दल, म्हणजे पेस्टल पक्कं करणाऱ्या फवाऱ्याबद्दल, मागे विचारणा झाली होती. चेहऱ्यावर मी मारत नाही. पेस्टलची चमक सुट्या कणांवर विखुरणाऱ्या उजेडाची. फवारा बसला की कण चिकटतात आणि गाल एक छटा खाली जातो. ला तूरने पेस्टल पक्कं करण्यासाठी आयुष्यभर खटपटी केल्या, म्हातारपणी जुनी चित्रं पुन्हा हातात घेऊन त्यांतली काही बिघडवलीही. मी जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून काचेपासून अंतर ठेवतो, बस. आपल्याकडे पावसाळ्यात कांडीतल्या डिंकावर बुरशी धरते, म्हणून बाहेरच्या भिंतीवर टांगायचं नाही.

आता लेस. रोझाल्बा पांढरी लेस कशी करायची ते सोपं दिसतं: खाली गडद थर, वरून पांढऱ्या कांडीची कड हलकेच ओढत न्यायची, कागदाच्या खाचा आपोआप जाळी करतात. हॅमिल्टनच्या अंगावरची लेस काळी आहे, म्हणजे उलटा हिशोब. चिटोऱ्यांवर करून बघितलं: मध्यम राखाडीचा थर, त्यावर कडक काळ्या कांडीच्या कोपऱ्याने नक्षी, आणि शेवटी काही भोकांत फिक्या राखाडीचे टिंब. सगळ्या भोकांत टिंब दिले तर मच्छरदाणी होते. कोळशाचा काळा फार मऊ, तो पसरून मुखवट्याच्या पांढऱ्यात उतरतो, त्यामुळे मुखवटा सगळ्यात शेवटी.

कोणी काळ्यावर काळं काम केलं असेल तर कांडी कुठली वापरली ते सांगा. निळसर काळा हवाय, तपकिरीकडे झुकणारा नको.