बोस्नियात सून म्हणून राहायचा परवाना काढताना

बोस्नियात लग्न करून राहायचं तर काय काय कागद लागतात असं मला अधूनमधून कोणीतरी विचारतं. कागद तसे फार नाहीत. पासपोर्ट, दिल्लीतल्या बोस्नियाच्या वकिलातीतून घेतलेला लाँग स्टे व्हिसा, पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला), मॅरेज सर्टिफिकेट, डॉक्टरचा दाखला, हेल्थ इन्शुरन्स, राहत्या जागेचा पुरावा, फोटो आणि फी भरल्याच्या पावत्या. आपल्याकडे रेशनकार्डावर नाव चढवायला मी याहून जास्त हेलपाटे घातलेत. पण इथे प्रत्येक कागदाला शेपटासारखं राजकारण चिकटून येतं, आणि ते कोणी आधी सांगत नाही.

मी पुण्याची, नवरा इथला. म्युनिकला नोकरीत ओळख झाली, लग्न पुण्यात स्पेशल मॅरेज ॲक्टखाली केलं आणि २०१९ मध्ये सासूबाई एकट्या पडल्या म्हणून इथे राजधानीत, सारायेवोला राहायला आलो.

थोडं इथल्या कारभाराबद्दल सांगते नाहीतर पुढचं काही कळणार नाही. १९९२ ते १९९५ इथल्या बोस्नियाक (म्हणजे इथले मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट यांच्यात युद्ध झालं, डेटन कराराने ते थांबलं, आणि या देशाची राज्यघटना म्हणजे त्याच कराराचं एक परिशिष्ट. भांडणाऱ्यांना एकमेकांपासून लांब ठेवायला जी मांडणी केली तिच्यावरच अजून देश चालतोय. देशाचे दोन भाग, फेडरेशन (बोस्नियाक आणि क्रोएटांचं, सारायेवो यात येतं) आणि रेपुब्लिका स्रप्स्का (सर्बांचं), शिवाय ब्रच्को नावाचा वेगळा जिल्हा, फेडरेशनमध्ये परत दहा कँटन आणि प्रत्येक कँटनला आपापला पंतप्रधान आणि मंत्री. राष्ट्राध्यक्ष तीन, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, अध्यक्षपदाची खुर्ची त्यांच्यात दर आठ महिन्यांनी फिरते. आणि एवढं सगळं कोणासाठी, तर २०१३ च्या जनगणनेतल्या ३५ लाख लोकांसाठी. पुणे-पिंपरी चिंचवड मिळून याहून जास्त भरतात!

आम्ही आलो तेव्हा ऑक्टोबर २०१८ ची निवडणूक होऊन कित्येक महिने झाले होते तरी देशाचं नवीन मंत्रिमंडळ बसलेलं नव्हतं, ते डिसेंबर २०१९ मध्ये बसलं. फेडरेशनमध्ये तर अख्खी टर्म नवीन सरकार आलंच नाही, जुनंच २०२३ पर्यंत रेटलं. मला वाटलं ऑफिसांमध्ये सगळा आनंदीआनंद असेल. पण नाही, खिडक्या वेळेवर उघडायच्या, शिक्के पडायचे, लोक रांगेत सरकार या विषयावर जोक मारायचे आणि कागद घेऊन घरी जायचे.

पुण्यातल्या भागात विशेष काही नाही. मॅरेज सर्टिफिकेटवर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का), एजंटने करून दिलं.

घोडं अडलं ते नवऱ्याच्या जन्मदाखल्यावर. पुण्यातलं लग्न इथल्या नोंदवहीत चढवायचं तर त्याचा नवीन काढलेला जन्मदाखला हवा, आणि तो जन्मला फोचाला, जे आता रेपुब्लिका स्रप्स्कामध्ये आहे. तिथूनच घेऊन या म्हणाले. सासूबाई मुस्लिम घरातल्या, सासरे सर्ब (ते वारले). एप्रिल १९९२ मध्ये फोचा सर्ब फौजांच्या हाती पडलं त्याच्या जरा आधी पोराला घेऊन दोघं सारायेवोला आले, म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण सारायेवोचा वेढा त्याच महिन्यात सुरू झाला आणि जवळजवळ चार वर्षं उठला नाही.

आमचं घर सारायेवोच्या कडेच्या दोब्रिन्या वस्तीत, १०३ नंबरच्या ट्रॉलीबसच्या शेवटच्या स्टॉपजवळ. तिथून थोडंसं चाललं की पूर्व सारायेवोचा बसस्टँड लागतो, फोचाची बस आम्ही तिथून धरली. स्टँड पलीकडच्या भागात, म्हणजे रेपुब्लिका स्रप्स्कामध्ये आहे. मधे ना चौकी ना पोलीस, पाट्या सिरिलिकमध्ये (सर्ब वापरतात त्या लिपीत) दिसायला लागल्या की समजायचं आपण पलीकडे आलो. ट्रॉलीबस मात्र अलीकडेच थांबते, त्यामुळे बॅगा ओढत चाललेल्या आज्या रोज दिसतात. ही सीमारेषा पूर्वी दोब्रिन्यातल्या काही बिल्डिंगांमधूनच जायची, २००१ मध्ये एका आयरिश न्यायाधीशाने लवाद म्हणून ती सरकवली तेव्हा लोकांना कळलं की आपलं किचन नक्की कुठल्या भागात आहे!

फोचा दिसायला फार सुंदर, द्रीना आणि चेहोतिनाचा संगम, चारी बाजूंनी डोंगर. बलात्कार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे असं धरून हेगच्या न्यायालयाने २००१ मध्ये शिक्षा दिल्या तो खटला याच गावातला. युद्धाच्या काळात गावाचं नावसुद्धा बदलून स्रबिन्ये केलं होतं, ते २००४ मध्ये घटना न्यायालयाने रद्द केलं. सोळाव्या शतकातली आलाजा मशीद १९९२ मध्ये उडवून दिली होती, ती परत बांधून मे २०१९ मध्ये उघडली. आम्ही गेलो तेव्हा दगड अगदी नवे कोरे दिसत होते, आजूबाजूच्या जुन्या गावात ते जरा डोळ्यात खुपतात, पण उभी आहे हेच खूप.

खिडकीत साधारण सासूबाईंच्याच वयाची बाई होती. नवऱ्याचं नाव टाइप केलं, स्क्रीनवर वडिलांचं सर्ब नाव आणि आईचं मुस्लिम नाव एकाखाली एक आलं असणार, कारण ती तिथे थांबली. चष्मा काढून पुसला. मग प्रिंट काढली, शिक्का मारला आणि विचारलं, आई आहे का अजून? नवरा म्हणाला, आहे. ती म्हणाली, बरं. एवढंच. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. घरी आल्यावर सासूबाईंनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि बाजाराजवळची बेकरी चालू आहे का ते विचारलं. त्या १९९२ नंतर तिकडे गेलेल्या नाहीत, आमच्याबरोबर चला म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणाल्या. त्याच गुडघ्यांनी रोज चार मजले चढतात.

पुढचा टप्पा भाषांतर. कोर्टाने नेमलेल्या भाषांतरकाराचाच शिक्का लागतो, इंग्रजी जाणणाऱ्या बाई आम्हाला लगेच मिळाल्या पण त्यांच्याकडे बसायला जागा नव्हती. सगळे जर्मनवाल्या टेबलासमोर. नर्सिंगचे डिप्लोमे, ड्रायव्हरची लायसन्स, पोरांचे शाळेचे दाखले, सगळं जर्मनमध्ये करून घ्यायला आलेले. एका मुलीने मला विचारलं कुठे चाललीस, मी म्हटलं कुठे नाही, मी इथे आलेय राहायला. अख्खी खोली माझ्याकडे वळून बघायला लागली. का, हा प्रश्न मला त्यानंतर प्रत्येक खिडकीवर विचारला गेला, आणि त्यात संशय नसायचा, खरंखुरं कुतूहल असायचं.

फी भरायची चिठ्ठी हा स्वतंत्र अध्याय आहे. बँकेत किंवा पोस्टात भरायची, आणि त्यात छोट्या छोट्या चौकोनांत उत्पन्नाचा प्रकार, नगरपालिकेचा कोड, खात्याचा कोड असे आकडे लिहायचे, कारण तुमचे पैसे देशाला, फेडरेशनला, कँटनला की नगरपालिकेला जाणार ते त्यावरून ठरतं. नमुना भिंतीवर चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढा आणि आकडा न् आकडा तसाच उतरवा. पोस्टातली मुलगी बघून भरून देते, फक्त गर्दी नसताना जा. (पोस्टसुद्धा या देशात तीन आहेत, बोलायची सोय नाही.)

मधे इन्शुरन्सवरून अडलं. एका ऑफिसात म्हणाले परवाना दाखवा मग नवऱ्याच्या विम्यावर तुमचं नाव घालतो, दुसरीकडे म्हणाले विमा दाखवा मग परवान्याचा अर्ज घेतो. शेवटी तेवढ्यापुरता प्रायव्हेट इन्शुरन्स काढला आणि सुटलो. पण त्याआधी सासूबाईंनी तीन फोन केले होते. इथे वशिल्याशिवाय पान हलत नाही असं सगळे म्हणतात आणि शिव्या घालतात आणि मग फोन लावतात. गंमत म्हणजे त्या तीन फोनमधला एक सर्बाला होता, एक क्रोएट बाईला आणि एक शेजारच्या हाजींच्या जावयाला. टीव्हीवर हेच तीन समाज एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

टीव्हीवरच्या बातम्या सासूबाई बघत नाहीत. पण बाथरूममध्ये पाण्याचे कॅन कायम भरलेले, आणि सगळ्यांचे मूळ कागद एका पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. माझा पासपोर्ट त्या पिशवीत गेला तेव्हा मला वाटलं, झालं, आता घरची झालो.

आता नवऱ्याचं. जनगणनेत तो स्वतःला 'इतर' लिहितो. घटनेप्रमाणे तीन समाज मुख्य आणि बाकीचे सगळे इतर, आणि इतरांना राष्ट्राध्यक्षपदाला उभंच राहता येत नाही. सेइदिच नावाचे रोमा आणि फिंत्सी नावाचे ज्यू गृहस्थ यावरून युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेले, २००९ मध्ये जिंकले, तरी घटना आहे तशीच आहे. माझा नवरा काही राष्ट्राध्यक्ष होणार नाहीये, घरातला बल्ब बदलायला महिना लावतो. पण आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी लोक पणजोबांचा कागद शोधतात आणि इथे हा माणूस कुठल्याच रकान्यात बसायचं नाही म्हणून हट्ट धरून बसलाय, त्याचं मला कौतुक वाटतं. ऑक्टोबर २०२२ ला मतदानाला गेला, फेडरेशनमध्ये राहतो म्हणून मतपत्रिकेवर बोस्नियाक किंवा क्रोएट यातलाच अध्यक्ष निवडता येतो, सर्ब निवडायचा हक्क फक्त पलीकडे. आमच्या बाल्कनीतून पलीकडचं दिसतं.

तर परवाना मिळाला, एक वर्षाचा. दरवर्षी रिन्यू करायचा, मुदत संपायच्या आत अर्ज टाकायचा, ऐनवेळेवर ठेवू नका. येताना भारतातून मॅरेज सर्टिफिकेट आणि पीसीसी दोन्हीवर अपोस्टिल करूनच आणा, कारण सारायेवोत भारताची वकिलात नाही, आपलं काम बुडापेस्टची वकिलात बघते, आणि बोस्नियाच्या परवान्यावर हंगेरीत जाता येत नाही, त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा. त्याची कागदपत्रं सध्या जमवतेय, पासपोर्टची पानं संपत आलीत.