टेक्सासचा फोम आणि गावाकडच्या लाह्या

टेक्सासमधील लबक या शहराभोवती नजर पोहोचेल तिथवर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, शेते आहेत, त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातून थेट तिथे जाऊन पडलेल्या माझ्यासारख्या माणसाला पहिल्या वर्षी बराच धीर आला होता. तिथेच एका घर सोडून जाणाऱ्या भाडेकरूकडून मी सहा फूट व्यासाची बीन बॅग, म्हणजे आत दाणे किंवा फोम भरलेली बसायची गुबगुबीत पिशवी, घेतली. दोन माणसे सहज आडवी होतील एवढी ती मोठी होती आणि खोलीतली निम्मी जागा तिनेच अडवली होती. गेल्या उन्हाळ्यात डॅलसजवळ राहायला जायचे ठरले, तेव्हा मी पहिल्यांदा दाराला टेप लावून पाहिला. दार ३२ इंचांचे निघाले.

इकडे घर बदलायचे म्हणजे भाड्याने आणलेला ट्रक स्वतः चालवायचा, मित्रांना हाताशी धरायचे आणि रात्री त्यांना पिझ्झा खाऊ घालायचा. हमालीचे दर ऐकले की माणूस आपोआप कष्टाळू होतो.

वरची खोळ काढायला गेलो तर चेनला ओढायची कडीच नव्हती. आधीच्या मालकाने तोडली असावी, असे समजून मी मनातल्या मनात त्याला दोन शब्द ऐकवले. पण ती कडी मुळातच बसवलेली नसते. १९९० च्या दशकात अमेरिकेत काही लहान मुले चेन उघडून आत शिरली आणि आतले थर्माकोलचे दाणे श्वासात जाऊन गुदमरून दगावली. त्यानंतर लक्षावधी बीन बॅगा दुरुस्तीसाठी परत मागवण्यात आल्या, आणि मुलांना सहजी उघडता येणार नाही अशी चेन बसवायची पद्धत रूढ झाली. शेवटी कागदाला लावायची क्लिप अडकवून ती चेन उघडली.

माझ्या बीन बॅगेत मात्र दाण्यांऐवजी फोमचे तुकडे होते, आणि त्यामुळेच पुढचे काम सोपे झाले. आतली पिशवी भल्यामोठ्या प्लास्टिकच्या थैलीत घालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढली, तसतसा तो डोंगर बसत गेला. मग पट्टे आवळून त्याची वळकटी केली आणि दारातून अलगद बाहेर काढली. लहानपणी बाबा बंडीत कापूस भरताना आम्हा पोरांना वर चढवून तुडवायला लावत, आणि जिनिंगमध्ये तोच कापूस सरकी काढल्यावर १७० किलोच्या रुईगाठीत दाबून बसवला जाई. हा सगळा त्याच जातीचा प्रकार होता. नव्या घरी रात्री थैली फोडली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, मधूनमधून कणकेसारखे मळल्यावर, बीन बॅग पूर्ववत फुगली. एवढेच की फोम आठवडेच्या आठवडे दाबून ठेवू नये, नाहीतर तो चेपलेलाच राहतो.

एवढी विद्या गाठीशी बांधून मी दिवाळीला गावी आलो. गावठाणातले जुने मातीचे घर सोडून आमच्या घरचे रस्त्याकडेच्या नव्या स्लॅबच्या घरात जाणार होते, आणि पुतण्याने हट्टाने यवतमाळहून आणवलेली मोठी बीन बॅग जुन्या बुटक्या चौकटीतून निघत नव्हती. मी पुढे सरसावलो. शेजारून व्हॅक्यूम क्लीनर मागून आणला, थैली लावली, हवा ओढली. बीन बॅग लहान होण्याऐवजी दगडासारखी टणक झाली. मग नेट लावायचा म्हणून दोराने आवळली आणि पुतण्यासह वर चढून तुडवली. आतून करकर आवाज येऊ लागला, तसे बाबा बाजेवरून उठले.

“अरे, हा कापूस नोहे, ह्या लाह्या हायेत. चेपलेली लाही पुन्हा फुगते काय?”

या बीन बॅगेत थर्माकोलचे दाणे होते. बाबांनी थर्माकोलचा कारखाना कधी पाहिलेला नाही, तरी त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या बारीक खड्यांत पेंटेन हा चटकन वायू होणारा पदार्थ मुरवलेला असतो, वाफ दिली की ते लाहीसारखे कित्येक पट फुगतात आणि हवा आतल्या बंद कप्प्यांत अडकून राहते. फोमचे कप्पे उघडे असल्याने हवा जाते तशी परतही येते. दाण्याचा कप्पा मात्र एकदा मोडला की मोडला.

पुढचा मार्ग आईने काढला. बाबांच्या जुन्या पायजम्याचा एक पाय कापून त्याचे एक टोक बीन बॅगेच्या तोंडाला आणि दुसरे पोत्याच्या तोंडाला सुतळीने बांधले, आणि दाणे नळीतून उतरावेत तसे उतरले. चार पोती भरली, पण सगळे मिळून सहा-सात किलोसुद्धा वजन नव्हते. पुतण्याने दोन्ही हातांत दोन-दोन पोती उचलून नवे घर गाठले. तरी गाठ बांधताना मूठभर दाणे सांडलेच. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते हाताला, लुगड्याला, गोऱ्ह्याच्या पाठीलासुद्धा चिकटू लागले आणि झाडूपुढे पळू लागले. कोंबड्यांनी चोच घालण्याआधी ओल्या फडक्याने टिपून घेण्यातच दुपार गेली.

बीन बॅगेचा पहिला नामांकित नमुना ‘साको’ या नावाने १९६८ मध्ये इटलीतील गाती, पाओलिनी आणि तेओदोरो या तिघांनी तयार केला, आणि त्यांना तो सुचला शेतकऱ्यांच्या पाला भरलेल्या गाद्यांवरून. हे मी जेवताना सांगितले तेव्हा मोठ्या बाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, फक्त एवढेच विचारले की मग सावरीचा कापूस भरायला काय हरकत होती.

आम्ही तुडवलेल्या दाण्यांमुळे बीन बॅग आता बसल्याबरोबर जमिनीला टेकते, म्हणून पुतण्या दोन किलो नवे दाणे आणणार आहे. ते भरण्यासाठी पायजम्याचा पाय आईने धुऊन खुंटीला अडकवून ठेवला आहे.