ह्यू गॉर्ज कोरडी आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका

लारापिंटा ट्रेलला जाणाऱ्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पाचवा टप्पा मात्र नीट समजून घ्या. बर्थडे वॉटरहोल ते ह्यू गॉर्ज (गॉर्ज म्हणजे डोंगरातली अरुंद घळ), नकाशावर अवघे १६ किलोमीटर. सह्याद्रीत एवढं अंतर मी आरामात पाच-सहा तासांत उरकते, म्हणून इथेही तोच हिशेब धरला. साडेदहा तास लागले.

ही वाट मध्य ऑस्ट्रेलियात, ॲलिस स्प्रिंग्जच्या जुन्या टेलिग्राफ स्टेशनपासून माउंट साँडरपर्यंत वेस्ट मॅकडॉनल डोंगररांगेतून जाते. साधारण २३० किलोमीटर, बारा टप्पे. मी मेलबर्नहून जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात गेले, पूर्वेकडून पश्चिमेकडे, एकटी. पहिल्या चार टप्प्यांवर शब्द खर्च करत नाही. तुम्ही राजगड-तोरणा सॅक पाठीवर घेऊन केला असेल तर तेही कराल.

पाचव्याची सुरुवातच स्पेन्सर गॉर्जमध्ये होते. तिथे वाट अशी नाहीच. कमरेएवढ्या धोंडींवरून चढायचं, उतरायचं, मधूनच निळा बाण शोधायचा. आपला काळा कातळ बुटाला धरून ठेवतो. इथला क्वार्टझाइट खडक कोरडा असला की हाताला कापतो आणि घळीत पाण्याने घासून गुळगुळीत झालेला असला की काचेसारखा निसटतो. पुढे विंडी सॅडलची खिंड आणि रेझरबॅकची धार. धारेवर वारा भन्नाट होता, पण नजारा असा की मी वीस मिनिटं नुसती बसून राहिले. ती वीस मिनिटं संध्याकाळी महागात पडली. पलीकडच्या उतारावर घसारा आहे. दोन काठ्या हव्यातच, एकीने भागत नाही.

आता मुख्य गोष्ट. मला सोडायला आलेल्या गाडीवाल्याला मी दोनदा विचारलं होतं, "ह्यू गॉर्जमध्ये पाणी आहे का?" दोन्ही वेळा उत्तर एकच, "यंदा कोरडी आहे, बूटसुद्धा भिजणार नाहीत." ह्यू गॉर्ज जंक्शनवरून, म्हणजे वाट या घळीला मिळते तिथून, दक्षिणेला वळून घळीत उतरले तेव्हा चार वाजले होते. ऊन वर कड्याच्या माथ्यावर, खाली सगळी सावली. एका वळणावर भिंतीपासून भिंतीपर्यंत डोह. काळं पाणी, वर पानं स्थिर. काठी घातली तर तळ लागेना. डाव्या भिंतीला धरून पुढे गेले तेव्हा पाणी आधी मांडीला, मग छातीला आलं. जेमतेम पंधरा-वीस पावलांचं अंतर, पण थंडी अशी की श्वास आत जाईना. सॅक डोक्यावर धरली होती, तरी मधे पाय सरकला आणि तिचा तळ बुडाला. तळाला स्लीपिंग बॅग होती.

त्या रात्री तापमान शून्याखाली गेलं. सकाळी मोजे पापडासारखे कडक झालेले, हाताने वाकवून पायात घातले. अर्धी ओली बॅग अंगावर घेऊन मी पहाटेपर्यंत जागी होते आणि सारखी एकच गोष्ट मनात येत होती: पाय सरकला तेव्हा घोटा मुरगळला असता तर?

म्हणून सांगते. सॅकच्या आत जाड प्लास्टिकचं अस्तर लावा, आणि स्लीपिंग बॅग व कोरडे कपडे त्यातही वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. पाण्याची चौकशी शहरात करू नका. बर्थडे वॉटरहोलला समोरून, म्हणजे पश्चिमेकडून येणारे भेटतात, ते ती घळ एक-दोन दिवसांपूर्वी ओलांडून आलेले असतात. त्यांचाच शब्द खरा. टप्पा एका दिवसात रेटू नका. जंक्शनला मुक्काम करा आणि डोह दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन घळीत उतरल्यावर ओलांडा. मात्र जंक्शनला पाण्याची टाकी नाही, तेव्हा बर्थडे वॉटरहोलवरून निघतानाच मुक्कामाचं पाणी भरून घ्या. मी पाच लिटर सुचवेन. आणि एकट्याने जाणार असाल तर पीएलबी, म्हणजे संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र, खांद्याच्या पट्ट्याला बांधा. सॅकच्या तळाशी ठेवलेल्या यंत्राचा उपयोग नाही. घळीत फोन लागत नाही.

गाडीवाल्यांवरचा दुसरा राग: एकट्या माणसाकडून अख्ख्या गाडीचं भाडं घेतात. मी आयत्या वेळी ठरवलं म्हणून मुकाट्याने दिलं. तुम्ही आधीच दोन-तीन जणांना गाठून एकत्र गाडी ठरवा, पुढे वेगवेगळे चाला.

सहावा टप्पा ३१ किलोमीटरचा आहे, तो मधे रॉकी गलीच्या पाण्याच्या टाकीवर मुक्काम करून तोडा. एलरी क्रीकला खाण्याचा डबा आधी ठेवता येतो. डबा ठेवायच्या खोलीची किल्ली ॲलिस स्प्रिंग्जमधून निघतानाच घ्या. माझ्या डब्यातला मेतकूट-भात तिथे दोन वेळा खाल्ला. पुढच्या सर्पेंटाइन, ऑर्मिस्टन या घळी, सगळं सुंदर आणि सोपं.

साँडरवर मात्र पहाटे तीनला निघा. रेडबँक गॉर्जपासून जाऊन-येऊन जवळपास १६ किलोमीटर, माथा १३८० मीटर. मी वर पोचले तेव्हा पूर्व नुकती तांबडी होत होती आणि चालून आलेली सगळी रांग एका ओळीत समोर होती. त्यातली ह्यू गॉर्जची खाच मी बोटाने शोधत बसले, हातमोजा काढून, बोटं बधिर होईपर्यंत.