पुरलं, पण उरलं नाही

रविवार, रात्री साडेदहा

पातेली घासून पालथी पडलीत, चक्क्याचं फडकं दोरीवर वाळतंय आणि काकूंचं ते वाक्य काही कानातून जात नाही. त्यांच्याकडच्या डोहाळजेवणाच्या स्वयंपाकाची ऑर्डर माझी होती. डोहाळजेवण छान झालं, चव उत्तम, सार तर लोकांनी मागून मागून प्यायलं. मग चपला घालता घालता म्हणाल्या, "पुरलं हो सगळ्यांना, पण उरलं काही नाही."

तक्रार नव्हती. तक्रार असती तर उत्तर तरी देता आलं असतं.

पुन्हा हिशेब मांडून बसले. ४० पानं. मसालेभाताला माणशी ७५ ग्रॅम तांदूळ, म्हणजे ३ किलो. शिजून अडीच-तीनपट होतो, वर तोंडली, मटार, काजू. पुऱ्या माणशी ५. कणीक घट्ट भिजवली तर किलोला २५ ग्रॅमच्या ६० लाट्या होतात, म्हणून साडेतीन किलो. श्रीखंड माणशी १०० ग्रॅम: सव्वादोन किलो चक्का आणि १८०० ग्रॅम साखर. (चक्क्याइतकीच साखर घालतात काही जणी, पण चक्का आंबट असेल तरच ती खपते.) बटाटे ४ किलो. काकडी २ किलो, तिला मीठ अगदी वाढायच्या वेळी, नाहीतर ताटभर पाणी. तिखट-मीठ पानांच्या पटीत वाढवायचं नाही, दहा पानांचं माप चौपट करायचं असेल तर आधी तिप्पट घालून चाखायचं. सगळं बरोबर होतं. कुणी अर्धपोटी उठलं नाही.

मग एवढं का टोचतंय?

कारण कार्य झाल्यावर चार घरी डबे गेले पाहिजेत, हे मलाही कळतं. पातेल्याचा तळ दिसला की पाहुण्यांनी हात आखडता घेतला असेल का, ही शंका येतेच. आईकडे तर... जाऊ दे.

पण उरवायचं म्हणजे कुणाच्या जिवावर? पानाला ३०० रुपये धरले, तर ४० पानांचे १२,००० झाले. शिधा, भाजी, दूध, तेल मिळून ४,८००. पुऱ्या लाटायला-तळायला दोघी, त्यांचे १,६००. रिक्षा आणि भांडी ७००. गॅस, डबे, फॉइल, किरकोळ ९००. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, त्यामुळे १९ किलोचा वेगळा घ्यायचा आणि त्याचा दर वेगळा सोसायचा. हातात राहिले ४,०००, त्यात बाजार, चक्का टांगणं, निवडणं-चिरणं आणि पहाटेपासूनचं उभं राहणं आलं. चार पानं जास्त केली तर शिध्याचेच ४८० गेले. मिळकतीचा आठवा हिस्सा मी काकूंच्या शेजाऱ्यांना जेवू घालायचा! बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, १४ आकडी क्रमांक छापलाय, तरी मनातल्या मनात मी अजून कुणाची तरी सून म्हणूनच वाढतेय.

हे लिहिताना स्वतःचीच कीव आली, म्हणून उठून चहा केला.

पैशाचं सोडलं तरी शेगडीचं गणित उरतंच. घरच्या बर्नरवर ३ किलोचं एकच पातेलं ठेवलं तर मधला भात लागतो आणि कडेला कणी राहते. म्हणून दीड-दीड किलोची दोन पातेली, दोन्हींखाली तवा आणि आधणाचं पाणी आधीच उकळतं. तिसऱ्या बर्नरवर सार, चौथ्यावर पुरीचं तेल. पाव-अर्धा किलो तांदूळ या दोन पातेल्यांत खपून जातो. त्यापुढे तिसरं पातेलं लागतं आणि त्याला बर्नरच नाही. खर्च पानापानाने वाढत नाही, एकदम उडी मारतो. हॉलवाल्या आचाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, त्याची भट्टी मोठी.

आणि उरलेल्या भाताचं काय होतं तेही मला माहीत आहे. झाकण लावून ओट्यावर, संध्याकाळपर्यंत. वाफ धरते, वरून ओलं खोबरं. शिजवूनही तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते पुन्हा वाढतात आणि त्यांनी केलेलं विष पुढे गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये गेला तर ठीक. पण चौदा जणांचा घोळका निघायच्या गडबडीत ताटं कोण काढतो? सोमवारी कुणाचं पोट बिघडलं की नाव माझंच. ओल्या नारळाच्या चटणीचंही तेच, उन्हाळ्यात तर दुपारीच उतरते.

म्हणजे उरावं, पण टिकणारं उरावं. एवढं साधं होतं. श्रीखंड फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बिनघोर राहतं, डब्यात घालून द्यायला शोभतं आणि शेजारणीला भातापेक्षा तेच हवं असतं. पुऱ्याही दुसऱ्या दिवशी चहाबरोबर जातात. भात मोजकाच, चटणी मोजकीच.

दरपत्रकात एक ओळ घातली: "घरी देण्यासाठी श्रीखंड, १ किलो, वेगळा दर." काकूंना आधी विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, पैसे पडतात म्हणून, आणि चपला घालताना तेच म्हणाल्या असत्या. म्हणोत.

शनिवारच्या मुंजीला हे माप उलटं करायचं. पुरुष जास्त, त्यामुळे भाताला तांदूळ माणशी ९० ग्रॅम, श्रीखंड ८०. आकडा गुरुवारी रात्रीपर्यंत पक्का हवा, त्यानंतर चक्का टांगता येत नाही. बटूच्या मामांचा फोन अजून आलेला नाही.